डावीकडचा तिसरा बाक

तिने नंबर तपासायच्या ट्रायल फ्रेममध्ये नवी काच सरकवली आणि म्हणाली, "आता वाचा बरं, खालून दुसरी ओळ."

खुर्चीत बसलेले गृहस्थ निवृत्त बसड्रायव्हर होते. उभं आयुष्य गर्दीतून बस काढलेली. पण आता पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर, चेहरा तोंडी परीक्षेला उभ्या केलेल्या मुलासारखा. चष्म्याच्या दुकानातली ही खुर्ची भल्याभल्यांची अशी गाळण उडवते. 'दिसत नाही' म्हणायची माणसांना लाज वाटते. मग ती अंदाजाने बोलतात, आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून पाठ करून ठेवतात आणि चुकीचा चष्मा लावून घरी जातात. बावीस वर्षं हेच पाहून ती आता कोणाच्याही 'दिसतंय'वर विश्वास ठेवत नसे.

"दिसतंय की, अगदी स्वच्छ," काका म्हणाले आणि त्यांनी तिसरी ओळ घडाघडा म्हणून दाखवली.

"ही तिसरी झाली, काका."

"मग दुसरी पण दिसतच असणार ना!"

ती हसणार तेवढ्यात फोन थरथरला. मुलीचा होता.

"आई, ओरडणार नसशील तर सांगते. मी आज क्लासला नाही गेले. आजोबाच शिकवतायत."

"काय शिकवतायत?"

"भाषा. उद्या अकराव्या धड्यावर चाचणी आहे ना, 'सह्यांची वही'वर. मी वाचणार, ते ऐकणार. आत्ताच बसतोय आम्ही. तू ये निवांत."

फोन बंद झाला. तिने पेटीतली एक काच उचलली, फ्रेममध्ये घातली आणि विचारलं, "आता?"

"वा! हे तर फारच छान."

तिने नंबर लिहिला, चिठ्ठी काउंटरवर दिली, मालकांना डोकं दुखतंय असं सांगितलं आणि पर्स उचलली. डोकं दुखत नव्हतं. पण खरं कारण मालकांना सांगण्यासारखं नव्हतं.

अकरावा धडा तिने लिहिलेला होता.

ही गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती. ती स्वतः, तिचा नवरा आणि पाठ्यपुस्तक मंडळातला पत्रं पाठवणारा कारकून. सतरा वर्षांपूर्वी, मुलीचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, तिने टोपणनावाने एका मासिकाला एक कथा पाठवली होती; आयुष्यातली पहिली आणि शेवटची. कथेत एक गुरुजी होते. सुरुवातच अशी होती: 'आमच्या गुरुजींनी कधी कुणाला मारलं नाही. ते फक्त सही घेत.' तास संपला की हे गुरुजी एक लांबट वही वर्गात फिरवत. वर तारीख आणि विषय. खाली प्रत्येक मुलाने 'समजलं' असं लिहायचं आणि पुढे सही करायची. समजत कोणालाच काही नसे, वही मात्र भरत जाई. एके दिवशी एक मुलगी सही करत नाही. गुरुजी चिडत नाहीत. वही तिच्या बाकावर ठेवून वाट बघत बसतात. तिच्यापायी सगळा वर्ग अडकतो, मधली सुट्टी निघून जाते, मुलं तिच्याकडे डोळे वटारून बघायला लागतात. तरी ती सही करत नाही. तिथे कथा संपते.

गुरुजी म्हणजे नाना, तिचे वडील. सातवीत ती त्यांच्याच वर्गात होती आणि वही खरोखरची होती.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून तर टोपणनाव. नाना आयुष्यभर एकच गोष्ट अभिमानाने सांगत आले होते: "अडतीस वर्षं शिकवलं, पण छडी कधी हातात धरली नाही." घरी पाहुणा येवो, डॉक्टर येवो, नाहीतर नळ दुरुस्त करणारा येवो, हे वाक्य ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे. आणि पोटच्या पोरीने नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मंडळाचं पत्र आलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "आधी नानांना सांगून टाक, मग हो म्हण." ती म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. तोवर नानांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. पेपरचा मथळाही वाचता येत नव्हता, आणि हे तिच्याइतकं नेमकं कोणाला माहीत असणार? तपासलं तिनेच होतं. वाचता येत नाही म्हणजे कळणार नाही, असा साधा विचार करून तिने संमतिपत्रावर सही ठोकली. खरं सांगायचं तर तिला छापून यायचं होतं. आपली मुलगी मोठी होते, एक दिवस नववीत जाते आणि तिला मोठ्याने वाचता येतं, एवढं काही तिला तेव्हा सुचलं नाही. शहाणी माणसं चुकतात ती अशीच.

शाळा सुरू झाल्यापासून ती या धड्याच्या धास्तीत होती. पुस्तकाला कव्हर घालताना ती सहा पानं खळ लावून चिकटवून टाकावीत, असंही एकदा तिच्या मनात आलं होतं. भाषेला कोणी क्लास लावतं का, असं नवऱ्याने विचारलं तरी तिने तो लावला होता, तो या एका धड्यासाठी. आणि आज नेमका कार्टीने क्लास बुडवला.

दुकानापासून घर वीस मिनिटांवर. ती जवळजवळ पळतच निघाली. चालता चालता मनात पानं उलटत होती. मुलगी अडखळत वाचते, म्हणजे पहिलं पान झालं असेल. लोहाराच्या दुकानापाशी तिला वाटलं, आता वही आली असेल धड्यात. शाळेच्या कंपाउंडपाशी वाटलं, आता फिरत असेल बाकाबाकावरून. नाना काय करतील? रागावून ओरडले तर बरं. पण ते ओरडणारे नव्हेतच. ते 'बरं' म्हणतील, काठी घेऊन आतल्या खोलीत जातील आणि जेवायला बाहेर येणार नाहीत. आई गेल्यापासून ते या घरात राहत होते, आणि जागा कमी, आवाज जास्त, कशाचीही तक्रार त्यांनी केली नव्हती. माझी लेक मला सांभाळते, एवढंच ते लोकांना सांगायचे. छडीच्या वाक्यानंतरचं ते त्यांचं दुसरं आवडतं वाक्य होतं.

सिग्नलला थांबली तेव्हा आणखी एक गोष्ट वीज पडावी तशी डोक्यात आली. तिने तिथेच उभं राहून दुकानात फोन लावला.

"त्या ड्रायव्हरकाकांची चिठ्ठी काचा कापायला देऊ नका. नंबर चुकलाय. मी मायनसच्या जागी प्लस घातलाय."

"तुमच्याकडून?" मालक म्हणाले. "पण ते तर म्हणत होते, फारच छान दिसतंय."

"ते म्हणणारच," ती म्हणाली आणि हिरवा दिवा लागायच्या आत रस्ता ओलांडला.

दोन जिने चढून ती दारापाशी आली तेव्हा आतून मुलीचा आवाज येत होता. "'गुरुजी म्हणाले, घाई नाही. समजल्याशिवाय सही करूच नकोस. तोवर वर्ग थांबेल.'"

हे वाक्य लिहिलं त्या दिवशी तिला फार आवडलं होतं. आता ते दाराच्या या बाजूने ऐकताना तिला ते परत घ्यावंसं वाटलं. तिने दार लोटलं.

नाना खिडकीजवळच्या खुर्चीत होते. मुलगी पलंगाला पाठ टेकून फरशीवर, मांडीवर पुस्तक.

"लवकर आलीस," नाना म्हणाले, ते तिच्या शेजारच्या कपाटाला. त्यांना कोणाकडे बघायचं असेल तर त्याच्या बाजूला बघावं लागे, म्हणजे तो माणूस नजरेच्या कडेला यायचा. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा आपल्याला मोजतच नाही. घरच्यांना ठाऊक होतं, की नानांचं तोंड जिकडे असतं तिकडे त्यांचं लक्ष नसतं.

"गणित झालं का?" ती मुलीला म्हणाली. "आधी गणित घे. नानांना दमवू नकोस उगाच."

"तास चालू आहे," नाना म्हणाले. "मध्ये बोलू नये."

ती मुकाट स्वयंपाकघरात गेली. चहाचं आधण ठेवलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मुलीने शेवटचं पान वाचून संपवलं. नानांचा अंगठा खुर्चीच्या हातावर मागे-पुढे फिरत होता, लाकडावरचा एक ओरखडा पुसून टाकायचा असावा तसा. गॅसवरचं पाणी खदखदायला लागलं होतं.

"प्रश्न पहिला," मुलगी म्हणाली. "'गुरुजींच्या पात्रातून लेखकाने शिक्षणपद्धतीवर कोणती टीका केली आहे?' पाच गुण. गाईडमध्ये मुद्दे दिलेत, सांगू? 'गुरुजी निर्दय आहेत. घोकंपट्टीमुळे होणारे नुकसान लेखक दाखवतो.'"

"घोकंपट्टी कुठं आलीय धड्यात?"

"नाही आली. पण लिहायची असते, आजोबा. ती सगळ्याच उत्तरांत असते."

नाना नाकातल्या नाकात हसले. "मीट ते. तू सांग, गुरुजी निर्दय आहेत?"

"आहेतच की! एका मुलीसाठी सगळ्या वर्गाला ताटकळत ठेवलं. त्यापेक्षा एक फटका परवडला."

स्वयंपाकघराच्या दारात तिने डोळे मिटून घेतले.

"हां," नाना म्हणाले. "हे लिही. तुझ्याच शब्दांत लिही. पण निर्दय लिहू नकोस. घाबरलेले लिही."

"गुरुजी कशाला घाबरतील?"

"आधीच्या वर्षी शाळेची तपासणी झालेली असते. साहेब एका मुलाला फळ्यापाशी बोलावतात, उदाहरण घालतात. पोरगा म्हणतो, हे आम्हाला शिकवलंच नाही. शिकवलेलं असतं, तीनदा. पण साहेब भर वर्गात गुरुजींना विचारतात, शिकवलं याला पुरावा काय? चाळीस पोरं बघत असतात. गुरुजींना उत्तर देता येत नाही. दुसऱ्या दिवशी ते वही आणतात. मुलांना समजलं की नाही, ते बघायला नव्हे. आपण शिकवलं, हे दाखवायला."

"हे कुठंय धड्यात?"

"नाही. लेखिकेला माहीत नसणार."

तिला माहीत नव्हतं. एवढंच आठवत होतं, की त्या वर्षी नाना कित्येक दिवस घरात बोलत नव्हते आणि आई म्हणायची, त्यांना काही विचारू नका. तिनेही विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि लिहायला बसली तेव्हाही नाही. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली. मागे आधण उतू जाऊन गॅस विझला. तिने चाचपडत बटण बंद केलं.

"लेखिका कशावरून?" मुलगी विचारत होती. "टोपणनाव आहे. गाईडमध्ये तर लेखक म्हटलंय."

"गाईडला काय कळतंय! गुरुजींचं वर्णन परत वाच."

"'गुरुजींच्या डाव्या खिशाला शाईचा डाग होता. डावा कान जरा पुढे आलेला. उत्तराची वाट बघताना डाव्या हाताची करंगळी टेबलावर वाजवत.'"

"सगळं डावीकडचं. उजवा हात कुठे आला का एकदा तरी? गुरुजींच्या डाव्या हाताला मुलींचे बाक. डाग दिसतो, पण खिशातल्या पेनाबद्दल अवाक्षर नाही, म्हणजे पहिला बाक नव्हे. आणि करंगळीचा आवाज ऐकू येतो, म्हणजे फार मागचाही नव्हे. तिसरा. खिडकीकडचा."

"आजोबा, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं!"

"कोणतं पोर आपल्याकडे कुठून बघतंय, एवढं मास्तरला कळायला हवं," नाना म्हणाले. "उशिरा का होईना."

त्यांनी मान वळवून तोंड कपाटाकडे केलं. कपाटाच्या दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचं दार होतं, आणि दारात ती.

"एका ठिकाणी मात्र लेखिका खोटं लिहिते," नाना कपाटाकडे बघत म्हणाले. "मुलगी सही करत नाही म्हणे. तिसऱ्या बाकावरची मुलगी सही करत होती. रोज. मोत्यासारख्या अक्षरात."

"हे मात्र तुम्ही अंदाजपंचे ठोकताय."

"अगं, जिनं सही केली नाही ती घरी जाऊन खुशाल झोपते. गोष्ट लिहावीशी वाटते ती सही केलेल्याला."

अगदी खरं होतं. सही न करणारी शेजारची मुलगी होती. सगळे तिला खारूताई म्हणायचे. शाळा सुटेपर्यंत ती बसून राहिली होती. आणि तिच्या शेजारी बसलेली गुरुजींची लेक तिच्या कानात कुजबुजली होती, "कर ना गं सही, मला भूक लागलीय." हे कथेत नव्हतं. हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"मग हा लेखिकेचा दोष म्हणून लिहू?" मुलीने पेन सरसावलं.

नानांचा अंगठा थांबला. ते आता उठून आत जातील, असं तिला वाटलं. काठीकडे हात गेलाही होता. पण हात तसाच परत मांडीवर आला.

"नाही. तोही गुरुजींचाच. त्या मुलीला अपूर्णांकांचा भागाकार कळलेला नव्हता. तिच्या तोंडावर दिसत होतं. पण सही मिळाली ना, मग गुरुजींनी विचारलं नाही. वर्गात नाही, घरी ना—" ते अडखळले. "कुठंच नाही. हा शेवटचा मुद्दा. लिही, आणि खाली रेघ मार."

मुलगी खाली मान घालून लिहीत होती. तिच्या ध्यानात काही आलं नाही. चाचणीच्या आदल्या दिवशी मुलांचं लक्ष मुद्द्यांवर असतं, माणसांवर नसतं.

"झालं."

"आण इकडे. पेन पण दे."

त्यांनी वही मांडीवर घेतली, बोटाने पानाची खालची कड चाचपली. मग पान दिसावं म्हणून तोंड खिडकीकडे फिरवलं आणि हळूहळू काहीतरी लिहिलं.

मुलगी वाकून बघू लागली. "'समजलं'... आणि सही! आजोबा, उद्या बाई विचारतील, ही कोणाची सही म्हणून."

"पालकांची म्हणावं. आईला दाखव जा. ती तपासेल."

मुलीने वही आणून तिच्या हातात दिली. 'समजलं' हा शब्द ओळ सोडून खाली घसरत गेला होता आणि सही समासाच्या बाहेर पडली होती. तिने वही जवळ धरली, लांब धरली.

"वाचता येतंय का?" नानांनी विचारलं. त्यांचं तोंड पुन्हा कपाटाकडे होतं.

बावीस वर्षं हा प्रश्न तिने दुसऱ्यांना विचारला होता. हो म्हणणं किती सोपं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं. सातवीत असतानाही माहीत होतं.

"नाही, नाना," ती म्हणाली. "नीट नाही दिसत."

नानांनी मान डोलावली. चुकलेलं नव्हे, बरोबर उत्तर मिळाल्यासारखी. मग त्यांनी खुर्चीजवळचं लाकडी स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"मग बस इथे. पुन्हा सांगतो."

"आता आईचा तास?" मुलगी म्हणाली आणि पुस्तक आवरून गणिताला बसली. आईने हात पुसले, स्टूल उचललं आणि ते नानांच्या डाव्या हाताला, खिडकीच्या बाजूला ठेवून त्यावर बसली.